मुंबई शहर (भायखळा व परळ) : १९३७ चा प्रांतिक मतदारसंघ आणि मत देण्याची पद्धत

दप्तरी :

फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी मतदान झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी ज्या मतदारसंघातून निवडून आले त्याचे नाव 'मुंबई शहर (भायखळा व परळ)' असे होते. चरित्रग्रंथांत या विजयाला एखादे पान मिळते, मतदारसंघाला मात्र फारतर एखादे वाक्य. तेथे मत कोणाला होते, ते कसे द्यायचे होते आणि हा मतदारसंघ पुढे कोठे विरून गेला, याचे सलग विवेचन मला कोठे वाचायला मिळाले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी चौकट सांगतो. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेला १७५ जागा दिल्या. त्यांपैकी ११४ सर्वसाधारण होत्या, आणि या ११४ पैकी १५ अनुसूचित जातींसाठी व ७ मराठ्यांसाठी राखीव होत्या. (मराठ्यांसाठीच्या राखीव जागा १९१९ च्या सुधारणांपासूनच होत्या. आजच्या वादात दोन्ही बाजूंचे वक्ते हा तपशील सोयीने विसरतात, पण तो या धाग्याचा विषय नव्हे.) उरलेल्या जागा मुसलमान, युरोपीय, अँग्लो-इंडियन, भारतीय ख्रिस्ती, जमीनदार, व्यापार-उद्योग, विद्यापीठ, कामगार, स्त्रिया आणि मागास प्रदेश अशा वाटण्यात आल्या होत्या. अनुसूचित जातींच्या १५ जागांचे मूळ २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात आहे. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडून देण्याच्या बदल्यात संयुक्त मतदारसंघातील राखीव जागांची देशभरची संख्या वाढवून घेण्यात आली, आणि त्यांतील १५ मुंबई प्रांताच्या वाट्याला आल्या.

संयुक्त मतदारसंघातील राखीव जागेला एक अंगभूत अडचण होती. उमेदवार अनुसूचित जातीचा असला, तरी त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार इतर समाजांचे असत. त्यामुळे त्या समाजाचा स्वतःचा पुढारी कोण हे ठरवण्याची सत्ता बाहेरच्यांच्या हाती जाण्याचा धोका होता. यावर करारातच एक तोड ठेवलेली होती. एखाद्या राखीव जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असतील, तर प्रथम केवळ अनुसूचित जातींच्या मतदारांनी मत देऊन त्यांतील चौघे निवडायचे आणि मुख्य निवडणूक त्या चौघांत व्हायची. दुसरी तोड मतदानाच्या पद्धतीत होती, आणि माझ्या मते या मतदारसंघाच्या इतिहासाची किल्ली तिथेच आहे.

मुंबई प्रांतात भायखळा-परळसारख्या बहुसदस्य (म्हणजे एकाहून अधिक जागांच्या) मतदारसंघांसाठी एकवट मतांची पद्धत स्वीकारली गेली. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची त्याला मुभा असे. याउलट वाटपाच्या पद्धतीत मते तितकीच मिळतात, पण एका उमेदवाराला एकच देता येते. फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु जो समाज संख्येने लहान आहे आणि ज्याला आपला माणूस कोण हे नेमके ठाऊक आहे, त्याच्यासाठी पहिली पद्धत म्हणजे हातातले बळ दुप्पट-तिप्पट करण्याचे साधन होते.

निकाल असा लागला : आंबेडकर १३,२४५ मते आणि काँग्रेसचे पाळवणकर बाळू ११,२२५ मते. अंतर २,०२० मतांचे. ज्या निवडणुकीत काँग्रेस जवळजवळ निम्म्या जागा घेऊन प्रांतातील सर्वांत मोठा पक्ष ठरली, त्याच निवडणुकीत ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या, म्हणजे वर्षदेखील न भरलेल्या आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आपल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेकांना निवडून आणले. त्या यशात पद्धतीचा वाटा किती आणि पुढाऱ्याच्या लोकप्रियतेचा किती, यावर जाणकारांनी लिहावे.

माझगावची :

विषय उत्तम आहे. 'मत कोणाला होते' या मुद्द्यावर थोडी भर घालते.

हा 'सर्वसाधारण' मतदारसंघ होता, याचा अर्थ आज वाटतो तसा 'सर्वांचा' असा नव्हता. भायखळ्याच्या हद्दीत मदनपुरा आणि नागपाडा येतात, पण तेथील मुसलमान विणकराचे नाव या यादीत असणे शक्य नव्हते, कारण त्याचा मतदारसंघ वेगळा होता. माझगावातील ख्रिस्ती कुटुंबांचीही तीच गोष्ट. याउलट पारशी आणि बेने इस्रायली सर्वसाधारण यादीतच येत. त्यामुळे एकाच रस्त्यावर समोरासमोर राहणारे दोन शेजारी एकाच दिवशी दोन निरनिराळ्या निवडणुकांत मत देत होते, आणि एकाच्या उमेदवाराचे नाव दुसऱ्याच्या यादीत नसे. या व्यवस्थेत प्रचार कसा होत असेल याची कल्पना करून पाहा. सभा सर्वांसमोर, मत मात्र काहींचेच.

दुसरे असे की, सगळ्या प्रौढांना मत नव्हतेच. देशभरात त्या निवडणुकीचे मतदार सुमारे तीन कोटी होते. मालमत्ता, घरभाडे, प्राप्तिकर आणि शिक्षण यांच्या अटी होत्या, आणि स्त्रियांपैकी पुष्कळींना मत मिळाले ते नवऱ्याच्या पात्रतेवर. शहरात घरभाड्याची अट सर्वांत महत्त्वाची होती. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ गिरणी कामगार राहत असले, तरी खोली ज्याच्या नावावर त्याचाच विचार आधी होणार. म्हणून 'गिरणगावाने बाबासाहेबांना निवडून दिले' हे वाक्य मी जरा जपून वापरीन. गिरणगावातील ज्यांना मत होते त्यांनी निवडून दिले, असे म्हणावे.

सांख्यिक :

धागाकर्त्यांनी दिलेल्या आकड्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. एकवट मतांच्या पद्धतीत १३,२४५ हा आकडा मतांचा आहे, माणसांचा नव्हे. एखाद्या मतदाराने आपली सगळी मते एकाच उमेदवाराला दिली असतील, तर ती त्या उमेदवाराच्या खात्यात तितक्या वेळा मोजली गेली. त्यामुळे '१३ हजार लोकांनी आंबेडकरांना मत दिले' असे जे सर्रास लिहिले जाते ते या पद्धतीत सिद्ध होत नाही. माणसे त्याहून कमी असणार. किती कमी, ते मते किती एकवटली यावर अवलंबून आहे, आणि एकूण बेरजेवरून ते काढता येत नाही.

हीच गोष्ट बाळूंच्या ११,२२५ मतांनाही लागू आहे, पण कदाचित तितक्याच प्रमाणात नाही. काँग्रेसच्या मतदाराला सर्वसाधारण जागांसाठीही आपल्या पक्षाचे उमेदवार निवडून आणायचे होते, म्हणून त्याची मते विभागली जाणे स्वाभाविक होते. स्वतंत्र मजूर पक्षाच्या अनुसूचित जातींतील मतदाराचे लक्ष्य मात्र एकच होते. असे असेल, तर बाळूंना मत देणारी माणसे आंबेडकरांना मत देणाऱ्यांहून अधिक असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. हे तर्कावर आधारलेले विधान आहे, कोणाचा विजय कमी लेखण्याचा त्यात हेतू नाही. पद्धत जी होती तिच्या नियमांत तो विजय निर्विवाद होता, आणि अल्पसंख्य गटाला आपल्या पसंतीचा प्रतिनिधी मिळावा हाच तर त्या पद्धतीचा उद्देश होता.

शिकागोकर :

मी ज्या राज्यात राहतो त्या इलिनॉयमध्ये राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहासाठी १८७० च्या राज्यघटनेपासून १९८० पर्यंत हीच पद्धत होती. प्रत्येक मतदारसंघात तीन जागा, प्रत्येकाला तीन मते, आणि हवी तर तिन्ही एकाला. परिणाम असा झाला की डेमोक्रॅटिक पक्षाच्या बालेकिल्ल्यातूनही एखादा रिपब्लिकन निवडून येई आणि उलटही घडे. १९८० मध्ये सभागृहाची सदस्यसंख्या कमी करण्याच्या दुरुस्तीबरोबर ही पद्धत गेली. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्याखालील शाळा मंडळांच्या निवडणुकांतही ती होती. तेव्हा मुंबई प्रांतात कोणी तरी हवेतून काढलेली ही युक्ती नव्हती. इंग्रज अधिकाऱ्यांना ती घरची माहीत होती.

रत्नांग्रीकर :

मतदानाच्या पद्धतीवर चर्चा चालली आहे ती योग्यच आहे, पण या मतदारसंघाने निवडून दिलेल्या माणसाने विधानसभेत काय केले हेदेखील त्याच्या निवडणूक-इतिहासाचा भाग समजायला हवे. त्यावरून मतदार कोण होते हे कळते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधानसभेत खोती पद्धत (कोकणात सरकार आणि कुळे यांच्यामध्ये राहून खोत जमीनमहसूल वसूल करत, ती पद्धत) रद्द करण्याचे विधेयक मांडले. आता विचार करा : भायखळा आणि परळचा आमदार, ज्याच्या हद्दीत एक गुंठाही भातशेती नाही, तो रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील जमीनधारणेवर विधेयक का आणतो? कारण परळच्या चाळीत राहणारा कामगार हा बहुधा कोकणातील कुळाचा मुलगा किंवा स्वतःच कूळ होता. पावसाळ्यात लावणीला आणि शिमग्याला तो गावी जाई, गिरणीच्या पगारातून घरी मनीऑर्डर पाठवी, आणि त्या मनीऑर्डरीतला काही भाग खोताच्या घरी जमा होई. त्याचे मत मुंबईत नोंदलेले होते, पण त्याचे सर्वांत जुने गाऱ्हाणे चिपळूण, खेड किंवा दापोलीतच होते. आमच्याकडे खोताला द्यायचे मक्ते आणि वेठ यांच्या आठवणी दोन पिढ्या पुरल्या आहेत.

विधेयकाचे स्वरूप पाहिले तर ते फार जहाल नव्हते. खोतांना वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्यांना जमीनमहसूल कायद्याखाली कब्जेदाराचा दर्जा मिळावा, एवढीच त्यात मागणी होती. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील आणि इतर भागांतील शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. हे कौन्सिल हॉल म्हणजे आज जेथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे ती इमारत, मूळची खलाशांची धर्मशाळा. त्याच काळात कुलाबा जिल्ह्यात शेतकऱ्यांचा चरीचा संप चालू होता, जो १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला आणि ज्याचे नेतृत्व नारायण नागू पाटील करत होते. काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळाने खोतीचे विधेयक पुढे जाऊ दिले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने, आणि गंमत अशी की तेव्हाही मुख्यमंत्री बाळासाहेब खेरच होते.

शहरी मतदारसंघ आणि ग्रामीण प्रश्न यांची अशी गाठ मुंबई प्रांतात दुसरीकडे इतकी घट्ट दिसत नाही. परळचे मतदान म्हणजे अर्धे कोकणाचे मतदान होते, असे मी म्हणेन.

माझगावची :

@रत्नांग्रीकर, हे छान सांगितलेत. याला जोडून कामगारांच्या बाजूचेही सांगायला हवे. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाला बाबासाहेबांनी विधानसभेत कडाडून विरोध केला, कारण त्यात संप करण्यावर कडक निर्बंध होते आणि बेकायदा ठरलेल्या संपासाठी कामगाराला तुरुंगवासाची तरतूद होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. पुढे १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत या दोघांत काय घडले ते पाहता हे एकत्र येणे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खेळिया :

बाळूंचे नाव एखाद्या पराभूत उमेदवारासारखे येऊन जाऊ नये म्हणून लिहितो.

पाळवणकर बाळू हे हिंदुस्थानातील पहिल्या थोर फिरकी गोलंदाजांपैकी एक. चर्मकार समाजात जन्मलेले, धारवाडचे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता साहेबांना गोलंदाजी टाकू लागले आणि तेथून पुढे हिंदूंच्या संघात आले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर ज्यांचा चेंडू हातात घेणाऱ्या सवर्ण सहकाऱ्यांनी चहाच्या वेळी त्यांना वेगळ्या भांड्यातून चहा दिला, त्याच गृहस्थांना हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतही बाळूंचे नाव आहे.

काँग्रेसने त्यांनाच उभे केले यामागचा हिशेब उघड आहे. परळ-लालबागला ते घराघरांत ठाऊक होते, आणि आंबेडकरांच्या विरोधात उभा राहणारा उमेदवार अनुसूचित जातीतलाच, पण महारेतर समाजातला असणे पक्षाला सोयीचे होते. १९५२ मध्ये लोकसभेसाठी आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसने नारायण काजरोळकरांना उमेदवारी दिली तेव्हाही हेच घडले, कारण तेही चर्मकार समाजातलेच. बाळू मात्र या हिशेबातले प्यादे होते असे मला वाटत नाही. अस्पृश्यांनी काँग्रेसबरोबर राहूनच आपले हित साधावे असे त्यांचे प्रामाणिक मत दिसते, आणि त्या मतासाठी त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर अंगावर निवडणूक ओढवून घेतली.

काळाचौकी :

चर्चा वाचनीय आहे, पण मला मूळ सूत्रच पटत नाही. मतदानाच्या पद्धतीला इतके श्रेय देणे म्हणजे राजकारणातले माणूस काढून टाकणे होय. १९३७ मध्ये बाबासाहेब जिंकले, कारण महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांच्यानंतर त्यांच्या समाजात त्यांच्या शब्दाला जे वजन होते ते दुसऱ्या कोणाच्या शब्दाला नव्हते. १९४६ मध्ये बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचा मुंबई प्रांतात सपशेल पराभव झाला आणि बाबासाहेबांना संविधान सभेत बंगालमधून जावे लागले. हा पराभव कशाने झाला? युद्धानंतर आणि छोडो भारतनंतर काँग्रेसची जी लाट आली तिने. लाट आली की कोणतीही पद्धत वाहून जाते. त्याचप्रमाणे १९५२ मध्येही नेहरूंच्या नावावर मते पडत होती.

आणखी एक. परळचा कामगार फक्त जात पाहून मत देत होता असा सूर काही प्रतिसादांतून निघतो. तो मला मान्य नाही. याच भागाने पुढे १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कॉम्रेड डांग्यांना मुंबई मध्य मतदारसंघातून प्रचंड मताधिक्याने लोकसभेत पाठवले.

दप्तरी :

@काळाचौकी, लाट होती हे कोणी नाकारत नाही. परंतु १९५२ चे आकडे मांडून पाहिले तर केवळ लाटेने त्यांचा उलगडा होत नाही, म्हणून ते येथे देतो.

मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. त्यात एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव होती, आणि गिरणगावाचा बराच भाग त्यात येत होता. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांना १,४९,१३८ मते मिळाली, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना १,३९,७४१, काँग्रेसचे काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६. गांधी आणि काजरोळकर निवडून आले. येथे थांबून एक गोष्ट पाहा : मेहतांची मते काजरोळकरांहून अधिक आहेत, तरीही ते हरले, कारण दुसरी जागा राखीव होती. काँग्रेसची लाट असती तितकी अनिवार, तर समाजवादी उमेदवार पहिल्या क्रमांकाच्या साडेनऊ हजारांच्या आत आला नसता.

आता दुसरी गोष्ट. समाजवादी पक्ष आणि फेडरेशन यांची युती होती. म्हणजे अपेक्षा अशी की युतीच्या मतदाराने एक मत मेहतांना आणि एक आंबेडकरांना द्यावे. मेहतांना आंबेडकरांपेक्षा १६,१६५ मते अधिक पडली आणि आंबेडकर हरले १४,५६१ मतांनी. या दोन आकड्यांची जवळीक बोलकी आहे. फेडरेशनच्या मतदाराने आपले दुसरे मत मेहतांना दिले, पण मेहतांच्या सगळ्या मतदारांनी आपले दुसरे मत आंबेडकरांना दिले नाही, असा अर्थ त्यातून निघतो. एकवट मतांची पद्धत असती, तर फेडरेशनच्या मतदाराला दुसरे मत मित्रपक्षाला देण्याची गरजच नव्हती. दोन्ही मते एकाच नावावर पडली असती, आणि मग हा निकाल काय लागला असता हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. १९५२ च्या कायद्याने मात्र एका उमेदवाराला एकाच मताची मर्यादा घातली होती.

तिसरी गोष्ट मतपेट्यांची. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने शिक्का मारायचा नव्हता, मतपत्रिका फक्त हव्या त्या पेटीत टाकायची होती. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका येत, आणि दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मत धरले जाई, दुसरे बाद. या मतदारसंघात ७४,३३३ मते बाद झाली. ती सगळी याच कारणाने बाद झाली असे म्हणता येणार नाही. पण ज्या शहरात आधीच्या प्रांतिक व्यवस्थेत आपली सगळी मते एकाला देणे हा मतदाराचा हक्क होता, तेथे नव्या कायद्याने तीच कृती निष्फळ ठरवली होती, हे विसरून कसे चालेल? शिवाय पडणारे अंतर साडेचौदा हजारांचे आणि बाद मते त्याच्या पाचपट.

आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका केली. आपले दुसरे मत वाया घालवा, म्हणजे मते 'कुजवा', असा प्रचार कम्युनिस्टांनी केल्याचा आरोप त्यात होता. डांगे याच मतदारसंघात उमेदवार होते. याचिकेला यश आले नाही. दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांना स्वतःच मते कुजवण्याचा मोह झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला नकार दिला, ही हकिगत आंबेडकरी चळवळीत आजही सांगितली जाते. भंडाऱ्यात मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पुन्हा हरले.

सांख्यिक :

@दप्तरी, १६,१६५ आणि १४,५६१ यांच्या जवळिकीवर फार भार टाकू नये. मेहतांना पडलेली जादा मते केवळ समाजवाद्यांनी आखडता घेतलेला हात दाखवतात असे नाही. मेहता-काजरोळकर, मेहता-डांगे अशा जोड्यांनीही काहींनी मते दिली असतील. डांग्यांना आंबेडकरांच्या बरोबरीने मत देणारेही काही असणार. तरी आपला मूळ निष्कर्ष, म्हणजे मर्यादेने फेडरेशनचे नुकसान केले हा, मला ग्राह्य वाटतो.

द्विसदस्य मतदारसंघांचा शेवटही मजेशीर आहे. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे व्ही. व्ही. गिरी सर्वसाधारण जागेवर हरले, कारण अनुसूचित जमातींचे दोन्ही उमेदवार त्यांच्या पुढे गेले आणि दोघेही निवडून आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथेही गिरी हरले. त्यानंतर १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द केले गेले. मेहतांना १९५२ मध्ये आरक्षणामुळे जागा गमवावी लागली तेव्हा कायदा बदलावा असे कोणाला वाटले नव्हते. गिरींच्या बाबतीत मात्र ते चार वर्षांत वाटले.

काळाचौकी :

आकड्यांचे उत्तर आकड्यांनी मिळाले, ठीक आहे. याचिकेत आरोप होता, तो सिद्ध झाला नाही, एवढे मात्र ठळकपणे लिहिले जावे. कारण आमच्या भागात त्या एका आरोपावरून दोन चळवळी पन्नास वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आता मतदारसंघ पुढे कोठे गेला ते सांगतो. १९५२ पासून प्रांतिक मतदारसंघ इतिहासजमा झाले आणि पुढे परळ आणि भायखळा हे विधानसभेचे स्वतंत्र मतदारसंघ म्हणून ओळखले जाऊ लागले. परळच्या वाट्याला १९७० साली जी निवडणूक आली ती महाराष्ट्रात आजही बोलली जाते. १९६७ मध्ये तेथून कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई निवडून आले होते. ५ जून १९७० रोजी त्यांचा खून झाला. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली, तीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिकांना ३१,५९२ आणि सरोजिनीताईंना २९,९१३ मते पडली. १,६७९ मतांच्या फरकाने शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. ज्या भागात १९३८ चा संप झाला आणि ज्याने डांग्यांना दिल्लीला पाठवले, त्या भागात लाल बावट्याला उतरती कळा लागली ती येथून. गिरण्या चालू असतानाच ही घसरण सुरू झाली होती, हे विशेष. १८ जानेवारी १९८२ चा संप बारा वर्षे पुढे होता.

त्यानंतर परळ बहुतांशी शिवसेनेकडे राहिला. १९९० मध्ये विठ्ठल चव्हाण निवडून आले, आणि १९९२ मध्ये त्यांचाही खून झाला. एकाच मतदारसंघाचे दोन विद्यमान आमदार मारले जावेत, अशी उदाहरणे राज्यात फार नसावीत. १९९९ आणि २००४ मध्ये दगडू सकपाळ निवडून आले, आणि परळ नावाच्या मतदारसंघाची ती शेवटची निवडणूक ठरली.

माझगावची :

२००८ च्या पुनर्रचनेत परळचे नाव यादीतून गेले, त्याचे कारणही गिरण्यांशी जोडलेले आहे. मतदारसंघ लोकसंख्येवर आखले जातात आणि मुंबई बेटाची लोकसंख्या उपनगरांच्या तुलनेत मागे पडली होती. गिरण्या बंद झाल्या, कामगार कुटुंबे डोंबिवली, विरार, बदलापूरकडे गेली, आणि शहर जिल्ह्याच्या जागा कमी होऊन उपनगरांच्या वाढल्या. जुन्या परळचा मोठा भाग शिवडी मतदारसंघात गेला. २००९ मध्ये तेथे मनसेच्या बाळा नांदगावकरांनी दगडू सकपाळांना हरवले, २०१४ मध्ये शिवसेनेचे अजय चौधरी आले.

भायखळ्याचे नाव तेवढे टिकले. १९३७ मध्ये तेथला मुसलमान मतदार वेगळ्या यादीत होता, तो आता याच यादीत आहे, आणि २०१४ मध्ये तेथून एमआयएमचे वारिस पठाण निवडून आले तेव्हा मते अनेक उमेदवारांत फुटलेली होती. अशा निकालांची चर्चा करताना कोणत्या समाजाने कोणाला मत दिले एवढेच आपण बोलतो. प्रत्येकाला एकच मत आणि जागाही एकच, या नियमाने निकाल किती घडवला, हा प्रश्न तेथेही विचारता येईल. त्यासाठी कोणी आकडे घेऊन वेगळा धागा काढला तर मी जरूर लिहीन.

रत्नांग्रीकर :

डोंबिवली-विरारचा उल्लेख आला म्हणून एवढेच नोंदवतो की, आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची बैठक पूर्वी लालबागच्या एका खोलीत भरत असे, ती आता नालासोपाऱ्याला भरते, आणि वर्गणीदारांपैकी बहुतेकांची नावे तिकडच्याच मतदारयादीत आहेत. भायखळा-परळच्या मतदाराचे वंशज शोधायचे असतील तर वसई, नालासोपारा आणि कल्याण ग्रामीणचे निकाल हाताशी घ्यावे लागतील.